स्टिरॉइडची पाच वर्षं आणि रिपोर्टवरचं निल

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये माझा सीमेन ॲनालिसिसचा म्हणजे वीर्यतपासणीचा रिपोर्ट आला, त्यात काउंटच्या, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येच्या पुढे निल लिहिलं होतं. निल म्हणजे कमी नाही, एकही नाही. त्याआधी आठ महिने माझ्या बायकोच्या टेस्ट चालल्या होत्या आणि तिच्यात काहीच दोष सापडला नव्हता, आणि त्या आठ महिन्यांत मी दर सोमवारी न चुकता अंग वाढवायचं स्टिरॉइडचं इंजेक्शन टोचत होतो. हे लिहितोय कारण फोंड्यात ज्या जिममध्ये मी सुरुवात केली तिथे आजही एकवीस-बावीसची पोरं तेच करतायत आणि हा भाग त्यांना कुणी सांगत नाही. मलाही कुणी सांगितला नव्हता, आणि खरं म्हणजे मी कुणाला विचारलाही नव्हता.

सुरुवात २०१८ ची. मी चोवीस वर्षांचा, कळंगुटला एका हॉटेलात सिक्युरिटीला होतो, सीझन म्हणजे ऑक्टोबर ते मार्च रात्रीची ड्युटी आणि सकाळी बसने घरी. तिथे अंगाने भरलेला माणूस असला की त्याला पुढच्या दारात उभा करतात, बारीक असला की पार्किंगला, मी पार्किंगला होतो. दीड वर्ष जिम करूनही हात वाढत नव्हते, मग आमचे ट्रेनर, आम्ही त्यांना सर म्हणायचो, एक दिवस बोलले की तुझं खाणं बरोबर आहे, व्यायाम बरोबर आहे, आता एक सायकल मार. सायकल म्हणजे ठरावीक आठवडे इंजेक्शनं घ्यायची आणि मग थांबायचं. टेस्टोस्टेरॉन एनन्थेट, म्हणजे पुरुषी हार्मोनचं इंजेक्शन, आठवड्याला २५० मिलिग्रॅम, सोबत डायनाबोल या स्टिरॉइडच्या गोळ्या, बारा आठवडे. हे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं औषध नाही हे मला माहीत होतं, पण सरांकडे ते प्लास्टिकच्या पिशवीत यायचं, बिल नाही काही नाही, आत खरंच काय आहे ते देव जाणे. जिमच्या बाथरूममध्ये उभ्याउभ्या कुल्ल्यात टोचायचं.

बारा आठवड्यांत नऊ किलो वाढलो. हे लपवत नाही, कारण पोरं हेच बघून त्यात पडतात आणि आपण खोटं बोललो की मग ती आपलं पुढचंही ऐकत नाहीत. जे वजन महिनाभर हलत नव्हतं ते वर जायला लागलं, जत्रेला गेलो की लोक वळून बघायचे, पुढच्या सीझनला मी पुढच्या दारात होतो. सायकल संपल्यावर सरांनी तीन आठवड्यांच्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या दिल्या, याला पीसीटी म्हणतात, आणि बोलले झालं, आता सगळं परत चालू. चालू झालं की नाही हे रक्त तपासून बघायचं असतं एवढंही आम्हाला माहीत नव्हतं. दुसऱ्या सायकलला ५०० मिलिग्रॅम आणि वरून डेका, म्हणजे नँड्रोलोन हे दुसरं स्टिरॉइड, ज्याचा अंश शरीरात महिनोन्‌महिने राहतो. २०२१ पासून तर मी थांबायचंच बंद केलं, मध्ये डोस कमी करायचा पण सोडायचं नाही, याला क्रूझ म्हणतात. थांबलो की अंग उतरायचं आणि ते मला सहन होत नव्हतं.

आता एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. माझे वृषण लहान झाले होते, अंघोळ करताना हाताला कळायचं. सरांना विचारलं तर बोलले होतं रे, सगळ्यांचंच होतं, परत येतात. आणि मी शांत झालो कारण बाकी सगळं जोरात होतं, इच्छा भरपूर, वीर्याचं प्रमाणही पहिल्यासारखंच. पुरुषाला वाटतं हे दोन्ही ठीक म्हणजे मूल होणारच. पण वीर्यातला बहुतेक भाग हा बाकीच्या ग्रंथींचा द्रव असतो, शुक्राणू त्यात अगदी थोडा हिस्सा, ते सगळेच्या सगळे नसले तरी डोळ्यांना काही फरक दिसत नाही. मायक्रोस्कोपखाली बघेपर्यंत कुणालाच कळत नाही. घेणाऱ्यालाही नाही.

लग्न २०२२ च्या फेब्रुवारीत झालं. तोवर हॉटेल सोडून मी कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये नोकरीला लागलो होतो. वर्ष गेलं, काही झालं नाही, आणि आमच्याकडे जसं होतं तसं सगळ्यांनी बायकोकडे बघायला सुरुवात केली. आईने देवीला गाऱ्हाणं घातलं ते सुनेचं नाव घेऊन. पहिल्या डॉक्टरांकडे गेलो तिथे पण फाईल तिच्या नावाची झाली. आधी सोनोग्राफी, मग थायरॉइड, अंडी किती शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारी एएमएच, मग नळ्या मोकळ्या आहेत का बघायला डाय सोडून एक्स-रे काढतात ती एचएसजी टेस्ट. त्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते, भिंत धरून चालत होती, मी तिचा हात धरला आणि म्हटलं झालं ना आता. मग तीन महिने अंडं तयार व्हायला क्लोमिफेनच्या गोळ्या आणि दर दोन दिवसांनी अंडं किती वाढलं ते बघायला सोनोग्राफी, कामावरून रजा टाकून. मला त्या डॉक्टरांनी एकदाच विचारलं, दारू-सिगरेट? मी म्हटलं नाही. ते खरं होतं. इंजेक्शनचं त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही.

मला माहीत होतं का? हा प्रश्न बायकोने मला नंतर विचारला. पक्कं माहीत नव्हतं. पण शंका होती, २०२३ च्या उन्हाळ्यात एका रात्री मी मोबाईलवर शोधून वाचलं होतं, आणि वाचून बंद केलं.

त्या वर्षी चवथीला घरी सगळे जमले होते, माटोळी बांधून झाली, जेवणं झाली, आणि माझ्या आत्याने सगळ्यांसमोर तिला विचारलं की पुढच्या चवथीला तरी मांडीवर काही असेल ना गो. ती हसली आणि भांडी घेऊन मागच्या दारी गेली. मी पाण्याला म्हणून मागे गेलो तर ती विहिरीकडे तोंड करून उभी होती. त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टर बदलले. पणजीतल्या या नव्या बाईंनी जाडजूड फाईल चाळली, शेवटपर्यंत गेल्या, परत पहिल्या पानावर आल्या आणि बोलल्या, यांचा रिपोर्ट कुठाय? सगळ्यात आधी करायची टेस्ट हीच, हिला सुई लागत नाही, दुखत नाही, आणि ती यात नाहीच.

टेस्ट कशी असते ते सांगतो कारण पुरुष तिथे जायलाच घाबरतात. दोन ते सात दिवस संबंध ठेवायचा नाही, मग लॅबमध्ये एक छोटी खोली असते, रुंद तोंडाची डबी देतात, तिच्यात नमुना द्यायचा, सगळाच्या सगळा, थोडा सांडला तर तसं सांगायचं. अर्ध्या तासाची लाज आहे, बस. संध्याकाळी रिपोर्ट. तीन मिलिलिटर, रंग नॉर्मल, काउंट निल. खाली लिहिलं होतं की सेंट्रिफ्यूज करून, म्हणजे नमुना फिरवून तळाशी बसलेलं बघूनही काही दिसलं नाही. एका रिपोर्टवर ठरवत नाहीत म्हणून दोन आठवड्यांनी परत केली, परत निल.

मग मला युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी बायकोला बाहेर बसवलं, मला तपासलं, त्यांच्याकडे एक माळ असते वेगवेगळ्या आकाराच्या मण्यांची, एकेक मणी हाताला लावून वृषण मापतात. साधारण पंधरा ते पंचवीस मिलिलिटर असायला हवं, माझे आठ आणि दहा. पाठीवरचे पुरळ बघितले आणि सरळ विचारलं, काय घेतोस, किती वर्षं. ओरडले नाहीत. पाच वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला तरी सगळी यादी सांगितली. रक्ताचे रिपोर्ट आले त्यात टेस्टोस्टेरॉन १२०० च्या वर आणि एलएच, एफएसएच, म्हणजे वृषणांना कामाला लावणारे दोन हार्मोन, दोन्ही जवळजवळ शून्य. हिमोग्लोबिन वाढून रक्त घट्ट झालेलं, चांगलं कोलेस्टेरॉल फार खाली.

मला समजेना, टेस्टोस्टेरॉन एवढं भरपूर तर मग पुरुषबीज का नाही. त्यांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. आमचं छोटं कुळागर आहे, पोफळी आणि मिरी, वर डोंगरातून झर येतो आणि पाटाने पाणी खाली सोडतात. समजा कुणी तरी घरासमोरच्या अंगणात टँकरने पाणी ओतत राहिलं. वरचा पाट सांभाळणारा बघतो की खाली पाणीच पाणी आहे, तो पाटाचं तोंड बंद करतो. अंगणात चिखल, आणि कुळागरात पोफळी वाळतायत. मेंदूतली पिट्युटरी म्हणजे तो पाटवाला. रक्तात बाहेरचं टेस्टोस्टेरॉन दिसलं की ती एलएच आणि एफएसएच सोडायचं थांबवते. एलएचच्या हुकमावर वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉन बनतं, आणि तिथे ते रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं तेव्हा शुक्राणू तयार होतात. बाहेरून कितीही टोचलं तरी आत तेवढं पोचत नाही. कारखाना बंद. बंद पडला की लहानही होतो.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी सुन्न झालो. म्हणाले, हेच औषध पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ट्रायल होती, १९९० मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आली, २७१ निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट दिलं आणि सहा महिन्यांत १५७ जणांचा काउंट शून्यावर गेला. २०० मिलिग्रॅम. मी पहिल्याच सायकलला २५० घेत होतो आणि नंतर ५००. म्हणजे ज्या वर्षी आम्ही मूल होण्यासाठी धडपडत होतो, आई नवस बोलत होती, बायको एक्स-रेच्या टेबलावर झोपत होती, त्या सबंध वर्षी मी गर्भनिरोधक घेत होतो.

घरी येताना बाणस्तारीच्या पुलाअलीकडे गाडी बाजूला घेतली आणि तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती, मग एवढंच बोलली, एचएसजीच्या दिवशी तुला माहीत होतं? मी म्हटलं शंका होती. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली ते असं, की मूल नाही झालं तर मी सहन करेन, पण मी महिनाभर देवळात जाताना खाली मान घालून जात होते ते तू बघत होतास. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तिने एक अट घातली, आईंना तू स्वतः सांगायचं, मी नाही सांगणार.

इंजेक्शन मी त्याच दिवशी बंद केलं. साधारण तीन-चार आठवड्यांनी जे सुरू झालं त्याची कल्पना नव्हती. बाहेरचं संपलं आणि आतलं अजून बंद, म्हणजे शरीरात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नाहीच. सकाळी उठवत नव्हतं, कामावर मशीनसमोर उभं राहून डोळे भरून यायचे, इच्छा तर पूर्ण मेली. हात आठवड्या-आठवड्याला बारीक होताना दिसायचे. बरीच पोरं इथेच परत सुई उचलतात, कारण एका इंजेक्शनने हे सगळं जातं, आणि मी सुद्धा एकदा सरांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मन फार खाली गेलं तर लगेच फोन कर, ते तेव्हा उपयोगी पडलं. म्हणून म्हणतो, बंद करताना डॉक्टरला सांगून करा. एका मित्राने तर मला सल्ला दिला की काउंट नाही ना, मग टेस्टोस्टेरॉनचं जेल लाव. हा गैरसमज पुष्कळांना आहे. मूल हवं असताना टेस्टोस्टेरॉन घेणं म्हणजे पाट अजून घट्ट बंद करणं.

डिसेंबरपासून एचसीजीची इंजेक्शनं चालू झाली, आठवड्यातून तीन, २००० युनिट, पोटाच्या कातडीखाली. माझा डोस कुणी उचलू नका, प्रत्येकाचं रक्त बघून ठरवतात. एचसीजी हे एलएचची नक्कल करतं, म्हणजे पाटवाला झोपलेला असला तरी खाली हुकूम पोचतो. हे हार्मोन मुळात गरोदर बाईच्या शरीरात बनतं, प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर जी रेघ येते ती याच्यामुळेच, आणि औषध म्हणून ते गरोदर बायकांच्या लघवीतून काढलेलंही मिळतं. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती फ्रीजमधल्या त्या छोट्या बाटल्यांकडे बघत राहिली. मग त्याच्या जोडीला गोळी लिहून दिली, क्लोमिफेन, रोज २५ मिलिग्रॅम. औषधांच्या डब्यात तिची उरलेली स्ट्रिप होती. तेच नाव. ती गोळी मेंदूला फसवून एलएच आणि एफएसएच वाढवायला लावते, बाईत पण आणि पुरुषात पण. तिने स्ट्रिप हातात घेतली, उलटसुलट केली, आणि म्हणाली मला हिने डोळ्यांसमोर चमकायचं, तुला झालं तर सांग. आमच्यात नीट बोलणं परत सुरू झालं ते तिथून.

एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि बाहेर यायला अजून थोडे दिवस, म्हणून दर तीन महिन्यांनी टेस्ट, त्याआधी करून काही कळत नाही. जानेवारी २०२४, निल. एप्रिल, निल. एप्रिलच्या रिपोर्टनंतर मी आईला सांगितलं. तिला स्टिरॉइड कळलं नाही, मी म्हटलं अंग वाढवायची इंजेक्शनं घेत होतो त्याने माझ्यात दोष आला, हिच्यात नाही, कधीच नव्हता. ती काही बोलली नाही. पुढच्या सोमवारी देवळात गेली आणि भटजींना सांगितलं की गाऱ्हाणं परत घाला, मागच्या वेळी सुनेचं नाव घेतलं होतं, आता मुलाचं घ्या. हे मला बायकोने सांगितलं, ती सोबत होती.

जुलैला नमुना फिरवून बघितल्यावर मोजकेच दिसले. बोटांवर मोजण्याएवढे, पण होते. मी लॅबच्या बाहेर पावसात बसस्टॉपवर उभा राहून तिला फोन केला, नीट बोलता येईना. ऑक्टोबरला एका मिलिलिटरमध्ये ४ मिलियन, म्हणजे ४० लाख. डिसेंबरला एचसीजी बंद, आपलं आपण चालतंय का बघायला. २०२५ च्या फेब्रुवारीत १८ मिलियन, हलणारे ३६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मॅन्युअलमध्ये खालची रेघ १६ मिलियनची आणि हलणाऱ्यांची ४२ टक्क्यांची आहे, म्हणजे एका बाबतीत वर आलो, एका बाबतीत अजून नाही. ती रेघ म्हणजे काही भिंत नव्हे, खाली असणाऱ्यांनाही मुलं होतात आणि वर असणाऱ्यांना कधी होत नाहीत.

डॉक्टरांनी २००६ च्या लॅन्सेटमधलं एक गणित सांगितलं होतं, गर्भनिरोधक म्हणून टेस्टोस्टेरॉन घेतलेल्या पुरुषांचं. औषध थांबवल्यावर सहा महिन्यांत ६७ टक्के लोक २० मिलियनपर्यंत परत येतील, वर्षात ९० टक्के, आणि दोन वर्षांत जवळपास सगळे. पण लगेच हेही बोलले की ते लोक मोजून-मापून एक औषध घेत होते, देखरेखीखाली. पाच वर्षं, दोन-तीन प्रकार एकत्र, बाटलीत काय ते माहीत नाही, अशा माणसाला तो आकडा जसाच्या तसा लावू नको. काहींचं वर्षानुवर्षं येत नाही, काहींचं कधीच पूर्ण येत नाही. वय, किती वर्षं घेतलं आणि आधीचा काउंट काय होता यावर जातं, आणि आधीचा काउंट माझ्यासारख्या कुणीच कधी तपासलेला नसतो.

मूल अजून नाही. डॉक्टर आययूआयचं, म्हणजे शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडायचं म्हणाले, बायको म्हणाली आता सहा महिने माझ्या अंगाला कुणी हात लावायचा नाही, आम्ही घरीच बघू, आणि तो निर्णय तिचा आहे.

मागच्या महिन्यात जिममधला एक मुलगा घरी आला. बावीस वर्षांचा आहे, पुढच्या आठवड्यात पहिली सायकल सुरू करणार होता. मी त्याला सगळे रिपोर्ट दाखवले, निल, निल, निल, निल, मोजकेच, ४, १८, तारखांसकट. त्याने शेवटचा हातात घेतला आणि विचारलं, पण दादा, तुझं परत आलं ना?

मी त्याला उत्तर द्यायच्या आधी बायको आतून आली आणि तिची फाईल त्याच्यासमोर ठेवली, म्हणाली हिच्यातले पण बघ, हे माझे आहेत. तो एचएसजीचा एक्स-रे उजेडासमोर धरून बराच वेळ बघत होता. जाताना काही बोलला नाही. लॅबचा पत्ता आणि सकाळची वेळ मी त्याला लिहून दिलीय, काहीही टोचायच्या आधी एकदा काउंट करून घे म्हणून, आणि शनिवारी मी त्याच्यासोबत जाणार आहे.